खाडीच्या टोकाला, आग्रा रोडच्या कडेला

भिवंडी समजून घ्यायची तर आधी तिथलं पाणी पाहावं लागतं. शहराच्या अंगाने वाहणारी कामवारी नदी फार मोठी नाही. तालुक्यातल्याच टेकड्यांचं पाणी गोळा करत ती येते आणि गावाला वळसा घालून खाडीत उतरते. ही वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीचं रुंद झालेलं मुख. समुद्र इथून बराच दूर आहे, पण भरती पार कल्याणपर्यंत चढते. गलबतं आणि मचवे भरतीबरोबर आत यायचे, माल उतरवायचे आणि ओहोटीबरोबर परत जायचे. जुन्या भिवंडीतल्या बंदर मोहल्ला आणि तांडेल मोहल्ला या वस्त्यांनी ती ओळख आजवर जपली आहे. आज तिथे गेलेल्या माणसाला समुद्राचा मागमूसही लागत नाही. पण हे गाव वसलं ते बंदर म्हणून.

बंदराला नुसतं पाणी पुरत नाही. उतरलेला माल पुढे नेणारी वाट लागते, आणि ती भिवंडीला आयती मिळाली होती. पूर्वेला पडघा, शहापूर, कसारा. पुढे थळ घाट चढला की नाशिक, आणि नाशिकच्या मागे खानदेश, माळवा, थेट उत्तर हिंदुस्थान. खाडी जिथे संपते आणि घाटाची वाट जिथे सुरू होते, तिथे ही पेठ उभी राहिली. पुढे हजार वर्षांत इथे राजे बदलले, धंदे बदलले, बोली वाढल्या, तरी भिवंडीचं पोट या जागेवरच भरत आलं.

तालुका म्हणून पाहिलं तर भिवंडी सुमारे अडीचशे चौरस मैलांची आहे. दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला खाडी, पलीकडे ठाणे आणि कल्याण. पश्चिमेला वसई, उत्तरेला वाडा, पूर्वेला शहापूर. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा वसई आणि वाडा तिकडे गेले, भिवंडी ठाण्यातच राहिली, आणि तालुक्याची शीव ही जिल्ह्याचीही शीव झाली. खाडीकाठच्या काल्हेर, कशेळी, कोन, पूर्णा, माणकोली या गावांत आगरी समाजाची दाट वस्ती आहे. भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. उत्तरेकडे तानसा नदीच्या बाजूला डोंगर, जंगल आणि वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे. पावसाळ्यात भात आणि भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, ही इथली जुनी पीकपद्धत. जुन्या भिवंडीच्या बाजारात तांदूळ, लाकूड, गवत आणि सुके मासे हा मुख्य माल असायचा. तो तालुक्याच्या याच दोन टोकांकडून यायचा.

भिवंडीचा इतिहास सांगताना बहुतेक जण १६५७ पासून सुरुवात करतात. मला त्याच्या साडेसहाशे वर्षं मागे जावंसं वाटतं. तालुक्यात शिलाहार राजा अपराजिताचा ताम्रपट सापडला. त्यावरचं वर्ष शके ९१९, म्हणजे इसवी सन ९९७. उत्तर कोकणच्या या शिलाहारांनी भादाणे हे गाव लोणादित्य नावाच्या सूर्यदेवतेच्या देवळाला दान दिलं. ते देऊळ होतं लवणतट इथे, म्हणजे आजच्या लोनाडला. दानपत्र म्हटलं की राजाची स्तुती आणि जमिनीच्या चतुःसीमा एवढंच असेल असं आपण समजतो. या ताम्रपटात राष्ट्रकूट राजांची वंशावळ आहे आणि चालुक्य राजा तैलपाने ते राज्य बुडवल्याची खंत आहे. शिलाहार हे राष्ट्रकूटांचे मांडलिक. धनी गेल्यानंतर पंचवीसेक वर्षांनीही मांडलिकाने त्याची आठवण तांब्यावर कोरून ठेवली. राजकारणात एवढी निष्ठा विरळाच आढळते, आणि तिचा पुरावा आपल्याला भिवंडी तालुक्यातल्या एका खेड्यात मिळतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

लोनाडला आणखी खूप आहे. टेकडीत कोरलेलं एक बौद्ध लेणं आहे आणि त्यात राजदरबाराचा देखणा शिल्पपट आहे. पुढच्या काळात तिथे देवीची स्थापना झाली आणि आसपासचे लोक ते खांडेश्वरीचं स्थान म्हणून पुजतात. जवळच चौधरपाड्याला शिवमंदिराचे अवशेष आहेत आणि शिलाहार राजा केशिदेवाच्या काळातला, तेराव्या शतकातला गधेगळ आहे. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख, खाली दान मोडणाऱ्याला दिलेली गाढवाची शिवी, अशी त्याची मांडणी. चंद्रसूर्य असेपर्यंत दान चालावं आणि ते मोडणाऱ्याच्या कुळाला बट्टा लागावा, हे अक्षर न येणाऱ्यालाही चित्रावरून कळत असे. आधी बौद्ध, मग सूर्योपासक, शैव आणि देवीचे भक्त. घाटाकडे जाणाऱ्या या पट्ट्यात व्यापार होता, आणि व्यापार होता म्हणून दान देणारे आणि घेणारे होते. लोनाडला दर रविवारी शंभर गाड्या थांबाव्यात अशी ही जागा आहे. प्रत्यक्षात तिथे जाणाऱ्याला रस्ता विचारत जावं लागतं.

आता १६५७. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या सुमारास, शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी आदिलशाहीकडून घेतली. जुन्या कागदांत या जोडीचा उल्लेख ‘कल्याण-भिमडी’ असा येतो. उल्हासच्या दोन अंगांना वसलेली ही गावं एकत्रच जिंकली जात आणि एकत्रच गमावली जात. कल्याणला दुर्गाडी किल्ला उभा राहिला आणि खाडीत आरमाराची पहिली जहाजं बांधायला सुरुवात झाली. १६५९ मधल्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात ही बातमी चिंतेच्या सुरात येते: शहाजीचा मुलगा भिवंडी, कल्याण आणि पनवेल इथे लढाऊ नौका बांधतो आहे. म्हणजे मराठी आरमाराच्या जन्माच्या नोंदीत भिवंडीचं नाव आहे. शाळेच्या पुस्तकात कल्याण आणि दुर्गाडी येतात, भिवंडी गळते. कामाला पोर्तुगीज कारागीर लावले होते. रुई लैताव व्हिएगस हा त्यांचा म्होरक्या. वसईच्या अधिकाऱ्यांनी दटावल्यावर ही मंडळी काम सोडून निघून गेली. महाराजांचं आरमार मात्र थांबलं नाही. १६६१ मध्ये मुघलांनी कल्याण-भिवंडी घेतली, १६७० मध्ये मराठ्यांनी ती परत मिळवली. या ओढाताणीचं कारणही उघड आहे. ज्याच्या हाती हे खाडीचं टोक, त्याच्या हाती घाटावर जाणारी जकात.

पुढच्या शतकात तालुक्यातलं एक गाव इतिहासाच्या मध्यभागी येतं, ते म्हणजे अंजूर. खाडीपलीकडे साष्टी आणि वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती आणि तिथल्या हिंदू प्रजेला धार्मिक जाच सोसावा लागत होता. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी आणि त्यांच्या भावांनी हे गाऱ्हाणं पुण्यापर्यंत नेलं, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि १७३७ मध्ये साष्टीची मोहीम सुरू झाली तेव्हा वाटाडे, हेर आणि लढवय्ये अशा सगळ्या भूमिका निभावल्या. कोणत्या खाजणात ओहोटीला पाय टाकता येतो, कुठला उतार रात्रीच्या वेळी सोयीचा, हे पुण्याच्या सरदारांना कसं कळणार? ते अंजूरकरांना ठाऊक होतं. मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला. चिमाजी अप्पांचं नाव त्या विजयाशी कायमचं जोडलं गेलं आणि ते योग्यच आहे, पण त्या विजयाचा अर्धा नकाशा अंजूरच्या वाड्यात काढला गेला होता. तो वाडा आणि तिथला गणपती आजही लोक पाहायला जातात.

वसई मिळाली तर देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला केला होता असं सांगतात. तानसा नदीच्या काठी, तालुक्याच्या उत्तर टोकाला हे देऊळ उभं आहे. बांधणी किल्ल्यासारखी: उंच जोतं, दगडी तट आणि वर चढत जाणाऱ्या पायऱ्या. चैत्रात इथे मोठी यात्रा भरते. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या पट्ट्यात गरम पाण्याचे झरे आहेत. काही कुंडांतलं पाणी पन्नास अंशांच्या आसपास तापलेलं असतं. कोकणपट्टीत इथपासून खाली राजापूरपर्यंत असे झरे एका ओळीत सापडतात. पावसाचं पाणी बेसॉल्टच्या भेगांमधून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. गणेशपुरीचं नाव विसाव्या शतकात जगभर पोहोचलं ते नित्यानंद स्वामींमुळे. १९६१ मध्ये त्यांचं तिथे निधन झालं, आणि त्यांचे शिष्य मुक्तानंद यांच्यामुळे परदेशी साधकांचा ओघ या गावाकडे वळला. वज्रेश्वरीच्या दक्षिणेला दुगाड आहे, माथ्यावर गुमतारा किल्ला. डिसेंबर १७८० मध्ये वसई इंग्रजांच्या हाती पडत असतानाच दुगाडच्या रानात कर्नल हार्टलेची फौज आणि मराठे भिडले. मराठी सैन्याचे सेनापती रामचंद्र गणेश तिथेच पडले. लढाई मोठी होती, पण आज तिची आठवण फारशी कोणी काढत नाही.

भिवंडी शहराचा जुना गाभा अजून पायी फिरून पाहता येतो. ब्राह्मण आळी, कासार आळी, ठाणगे आळी, बाजारपेठ, भोईवाडा, मग कोटरगेट आणि निजामपूर, दिवाणशाहांचा दर्गा, भीमेश्वराचं देऊळ. कोकणी मुसलमान कुटुंबं लाकूड, तांदूळ आणि गलबतांच्या व्यापारात होती. त्यांची घरभाषा मराठीच्या कोकणी वळणाची. शेजारचं निजामपूर धरून एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात इथे नगरपालिका झाली आणि ‘भिवंडी-निजामपूर’ हे जोडनाव सरकारी कागदांत कायम झालं. कामतघरचा वऱ्हाळा तलाव हा गावाचा जुना पाणवठा.

नगरपालिका आली त्याच सुमारास गावाचं नशीब मात्र फिरलं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली. १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोहोचले आणि १८६५ मध्ये थळ घाटातला रेल्वेमार्ग खुला झाला. हे सगळं खाडीच्या दक्षिण काठाने. भिवंडी उत्तर काठावर राहिली. ज्या मालाला भिवंडीच्या बंदरात थांबावं लागायचं, तो आता डब्यात बसून सरळ मुंबईला जाऊ लागला. कल्याण जंक्शन झालं. कोकणी व्यापाऱ्यांची गलबतं कमी झाली. १९०१ च्या जनगणनेत भिवंडीची लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास होती. तांदूळ सडणं, लाकडाचा अड्डा, हातमाग आणि मामलेदार कचेरी यांवर चालणारं ते एक शांत तालुक्याचं गाव होतं. भिवंडी रोड हे स्टेशन आलं ते थेट १९८० च्या दशकात, दिवा-वसई मार्गावर, तेही अंजूरफाट्याला.

रेल्वेने वगळलेल्या या गावाला रस्त्याने तारलं. मुंबई-आग्रा रस्ता भिवंडीतून जातो. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेतल्या विणकरांवर इंग्रजांचा रोष आला, विलायती कापडाने त्यांचे माग बंद पाडले, दुष्काळांनी उरलंसुरलं नेलं. आझमगड, मऊ, मुबारकपूर, बनारस या भागांतले मोमीन विणकर दक्षिणेकडे निघाले, ते याच रस्त्याने. नकाशा पुढ्यात घ्या आणि त्यांनी कुठे कुठे बिऱ्हाड केलं ते पाहा: धुळे, मालेगाव, भिवंडी. महाराष्ट्रातली मागांची ही मोठी गावं आग्रा रोडच्या कडेला एका माळेत बसतात ती यामुळे. भिवंडी हा त्या वाटेचा शेवटचा मुक्काम. पुढे मुंबई, म्हणजे सुताचा आणि कापडाचा बाजार. विणकराला याहून सोयीची जागा कुठली?

हातमागाचे यंत्रमाग होऊ लागले ते १९३० च्या दशकाच्या सुमारास, वीज आल्यावर. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने माग इथे येत, दुरुस्त होत आणि पुन्हा खटखटू लागत. स्वातंत्र्यानंतर सरकारने हातमागाला वाचवण्यासाठी गिरण्यांच्या विणकामाच्या वाढीवर बंधनं घातली. त्या धोरणाचा सर्वाधिक फायदा उचलला यंत्रमागाने, कारण तो दोघांच्या मधल्या फटीत बसत होता: गिरणीपेक्षा स्वस्त, हातमागापेक्षा वेगवान, आणि कामगार कायद्यांच्या नजरेत न भरण्याइतका लहान. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगावातलं विणकाम बंद पडलं. कापडाची मागणी काही बंद पडली नव्हती. ती भिवंडीकडे आली. पाहता पाहता इथे लाखांच्या संख्येने माग झाले. परळ-लालबागच्या संपाचं वर्णन आपण पुष्कळ वाचलं आहे. त्याचं उरलेलं अर्धं प्रकरण भिवंडीत घडलं, आणि ते लिहिणारे फार थोडे निघाले.

या मागांवरचं आयुष्य खडतर आहे. सुरत, सिल्वासाहून येणारं सूत, त्याचं वारपिंग, सायझिंगमध्ये ताण्याला खळ, मग बीम मागावर चढतो. इथे निघतं ते बहुतांशी ग्रे कापड, म्हणजे रंग-धुलाई न झालेलं. कामगाराला मजुरी मिळते मीटरवर. पाळी बारा तासांची, एकाच्या अंगावर चार, सहा, कधी आठ माग. ताण्याचा एक धागा तुटला तर माग थांबवून तो जोडायचा, धोट्यातली कांडी संपली की भरायची, आणि हे कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, सुताच्या धुळीत. उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले पुरुष खोलीत पाळीपाळीने झोपतात आणि बिस्सीत जेवतात. बिस्सी म्हणजे महिन्याच्या हिशेबावर चालणारी खाणावळ. अनेक बिस्स्या बायका चालवतात. पद्मानगर, कामतघर भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचं मोठं जग आहे. दुकानांच्या पाट्या तेलुगूत, सणांमध्ये बतुकम्मा. घरात तेलुगू, मागावर हिंदी आणि शाळेत मराठी बोलणारी मुलं इथे तीन पिढ्या वाढत आहेत. उर्दू, मराठी, तेलुगू आणि भोजपुरी एका नाक्यावर ऐकायच्या असतील तर धामणकर नाक्यावर उभं राहावं.

हे एकत्र राहणं नेहमीच सुरळीत नव्हतं. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी इथे हिंदू-मुस्लिम दंगल पेटली आणि ती जळगाव, महाडपर्यंत पसरली. न्यायमूर्ती मादोन यांच्या आयोगाने तिची तपशीलवार चौकशी केली. १९८४ मध्ये पुन्हा भयंकर रक्तपात झाला. भिवंडीचं नाव देशभर याच कारणाने माहीत झालं. त्यानंतर काय झालं हे मात्र सांगितलं जात नाही. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. प्रत्येक वस्तीत दोन्ही समाजांची साधी माणसं, हातगाडीवाले, माग कामगार, दुकानदार, ठरावीक वेळेला पोलिसांसोबत बसत. विषय किरकोळ असत: पाण्याचा नळ, गटार, पोरांची मारामारी. त्या किरकोळ विषयांतून ओळख झाली, फोन नंबर नव्हे तर चेहरे ठाऊक झाले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये चाळीसेक किलोमीटरवर मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. दोनदा होरपळलेल्या शहराने तिसऱ्यांदा आग अंगावर येऊ दिली नाही. भिवंडीकरांच्या या कर्तृत्वाला दंगलींइतकी जागा प्रत्येक पुस्तकात मिळायला हवी.

वस्ती वाढली तशी घरं वाढली नाहीत. जी वाढली ती कशीही. तळमजल्यावर माग आणि वर बिऱ्हाडं अशा इमारतींना दिवसरात्र कंप बसतो. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि झोपेतली चाळीसच्या आसपास माणसं गेली. २०११ मध्ये शहराची लोकसंख्या सात लाखांवर गेली होती. शंभर-सव्वाशे वर्षांत दहा हजारांची सात लाख झालेल्या गावाला गटारं, शाळा, दवाखाने कुठून पुरणार? पाण्याचंही तसंच. मुंबईला रोज जाणारं पाणी याच तालुक्यातून जातं. पिसे इथे भातसा नदीचं पाणी उचललं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं, आणि तानसाच्या जुन्या जलवाहिन्या शेतांमधून सरळ रेषेत दक्षिणेकडे धावतात. त्या वाहिन्यांच्या कडेच्या कित्येक पाड्यांवर बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन चालतात. याकडे कोणी फक्त भूगोल म्हणून पाहू नये.

गेल्या तीसेक वर्षांत मागांना उतार लागला आहे. विजेचे दर, चिनी कापड, सुरतेचे आधुनिक शटललेस माग, सुताच्या भावातले चढउतार. अनेकांनी माग भंगारात काढले. त्याच काळात खाडीकाठच्या गावांत गोदामं उभी राहिली. मुंबईत माल नेला की जकात, जागेचे भाव आभाळाला. भिवंडीत ग्रामपंचायतीची परवानगी, सपाट भातखाचरं, आणि नाशिक, गुजरात, न्हावाशेवा या तिन्ही दिशांचे रस्ते हाताशी. माणकोली, राहनाळ, वळ, दापोडे, पूर्णा इथे पत्र्याची छपरं मैलभर पसरली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. गोदामं मात्र वाढलीच, कारण राज्याराज्यात लहान गोदामं ठेवण्याऐवजी कंपन्यांना एकच मोठं गोदाम परवडू लागलं, आणि मोबाईलवरून मागवलेली प्रत्येक वस्तू कुठेतरी ठेवावी लागतेच. २००७ मध्ये शहरालगतच्या ६० गावांच्या नियोजनाचं काम एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, दिलं गेलं. तोवर बरंच बांधून झालं होतं. ज्या आगऱ्याच्या खाचरावर गोदाम आलं तो भाड्यावर जगतो, त्याचा मुलगा ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे. ज्याच्याकडे जमीनच नव्हती तो तिथे हमाल किंवा वॉचमन आहे. पाऊस पडला की भराव टाकलेल्या खाजणातलं पाणी जायला वाट शोधतं आणि लोकांच्या घरात शिरतं.

आता आणखी एक रस्ता आला आहे. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग घाट उतरून भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावी संपतो. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. विदर्भाचा कापूस, मराठवाड्याचं सोयाबीन आणि नाशिकची द्राक्षं आता काही तासांत इथे उतरतात. आमणे, पडघा, वडपे या पट्ट्यातले जमिनीचे दलाल सकाळपासून तलाठी कार्यालयाच्या बाहेर असतात, सातबारे आणि फेरफार काढले जातात, आणि उत्तरेकडच्या ज्या पाड्यांवर वारली-कातकरी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या भात लावत आली, त्यांपैकी कितींची नावं त्या सातबाऱ्यावर आहेत याची तपासणी गाव नकाशा हातात घेऊन, पाड्यागणिक, आत्ताच व्हायला हवी.